तिसरी जागा दाखवणारी

माझी वहिनी कुठल्याही इमारतीत शिरली की आधी छताकडे बघते. माणसांकडे मागाहून. छताला ओल आहे का, खिडकी उघडते की नुसती शोभेची आहे, हे तिला दारात उभ्या उभ्या कळतं आणि कळलेलं तिच्याने पोटात ठेववत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलो होतो. ही बाई मात्र उठली, समोरच्या भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "ही भिंत नंतर घातलेली आहे. आधी इथे मोठा हॉल असणार."

मी म्हटलं, "वहिनी, आत माझी आई आहे."

"माझी पण सासू आहे. भीती वाटतेय म्हणून तर भिंती बघतेय ना," ती म्हणाली, आणि पुढच्या भिंतीकडे वळली.

मी तिची धाकटी नणंद. म्हणजे तिच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क मला नात्यानेच मिळालेला आहे, आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. ते ज्या गाळ्यात आहे तो गाळाही तिनेच मिळवून दिला, कारण तो तिचा धंदाच. ऑफिसं, दुकानं, गोदामं भाड्याने लावून देणाऱ्या एका फर्ममध्ये ती पंधरा-सोळा वर्षं होती. राहत्या घरांच्या वाटेला ती कधी गेली नाही. "घर बघायला आलेली माणसं भांडतात आणि रडतात," ती म्हणायची. "ऑफिस बघायला आलेला माणूस फक्त गाडी कुठे लावायची ते विचारतो." तिच्या पर्समध्ये मोजायची टेप, टॉर्च, सपाट चपला आणि वीतभर चाव्यांचा जुडगा. निम्म्या गावातले वॉचमन तिला चावीवाल्या मॅडम म्हणून ओळखत आणि आम्हाला मात्र गेटवर अडवत.

तिच्या धंद्यात खरी कला असते ती जागा दाखवण्यात. गिऱ्हाईकाला चांगली जागा एकदम दाखवायची नसते. आधी एक अशी दाखवायची की त्याचा चेहरा पडला पाहिजे. जिना अंधारा, बाथरूमचा वास दारापर्यंत, आणि खोलीच्या बरोबर मधोमध खांब. मग दुसरी, जरा बरी, पण भाडं ऐकून डोळे पांढरे व्हावेत अशी. गिऱ्हाईक दमलं, भुकेलं झालं, "आज राहू द्या" म्हणायच्या बेताला आलं, की तिसरी. तिसरीतले दिवे आधीच लावून ठेवलेले, खिडक्या उघडलेल्या, फरशी पुसलेली. माणूस आत पाऊल टाकतो आणि त्याचे खांदे खाली येतात. तो क्षण वहिनीला फार आवडायचा. या धंद्यातले सगळेच असं करतात आणि याला कुणी फसवणूक म्हणत नाही. याला क्रम लावणं म्हणतात.

ही सवय घरातही शिरली होती. पडदे घ्यायचे ठरले की दोन भयंकर कापडं आधी आमच्या तोंडावर मारली जायची. सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की आधी दोन कंटाळवाणी ठिकाणं. दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणतो, "तिच्या आईवडिलांनी तिला मुलगेही असेच दाखवले असणार, आणि मी तिसरा. पहिल्या दोघांना मी एकदा भेटून आभार मानणार आहे."

असं सगळं छान चाललेलं असताना बाईंच्या डोक्यात किडा शिरला. म्हणजे तो बरेच दिवस शिरलेला होता, आम्हाला उशिरा कळलं. सकाळी आम्ही उठायच्या आत ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाडजूड पुस्तकं घेऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, "असंच, धंद्यासाठी." एक दिवस तिने चहा ओतता ओतता सांगून टाकलं की लोकांचे पैसे गुंतवण्याच्या कामाच्या परीक्षा ती एकेक करून देत होती, आणि शेवटचीही पास झाली होती.

"म्हणजे आता काय करणार आहेस?" आईने विचारलं.

"ते माहीत नाही. पण मला ते काम करावंसं वाटतं."

आईला काही समजेना, तेव्हा वहिनीने तिला फार नीट समजावलं. "आई, माझ्याकडे रोज कंपन्यांची माणसं येतात. कुणी म्हणतं जागा वाढवायचीय, कुणी म्हणतं निम्मी परत करायचीय. मला त्यांना एवढंच विचारायचं असतं की भाडं वेळेवर द्याल ना. पण मला ऐकावंसं काय वाटतं माहितीये? ते बनवतात काय, विकतात कुणाला, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांचं काय होणार. मी विचारत बसते आणि आमचे मालक बाहेरून काचेवर टकटक करतात."

तिच्या या विचारत बसण्यामुळेच पुढचं घडलं. शिक्षक, नर्स, बसचे ड्रायव्हर असल्या लोकांची निवृत्तीची पुंजी सांभाळणारी एक छोटी कंपनी आहे. तिचं ऑफिस वहिनीनेच लावून दिलं होतं, आणि तेव्हा तिथल्या लोकांनाही असेच प्रश्न विचारत बसली होती. त्या कंपनीचे प्रमुख म्हणजे एक वयस्कर गृहस्थ. ऑफिसातला एसी त्यांना सोसत नाही, म्हणून बारा महिने स्वेटर घालतात. आमच्या घरात त्यांचं नाव स्वेटरसाहेब. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "एक खुर्ची रिकामी आहे. अगदी खालची आहे, पगारही तुमच्या आताच्यापेक्षा कमी. तुमच्या शेजारी बसणारी पोरं तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. पण यायचं असेल तर आम्ही ज्यांचे शेअर घ्यावेत अशा तीन कंपन्या निवडा, अभ्यास करा आणि आमच्यापुढे मांडा. मग ठरवू."

आणि नशीबही असं मिश्कील, की त्याच आठवड्यात तिच्या मालकांनी तिला केबिनमध्ये घेऊन भागीदारी देऊ केली. म्हणजे दारावर पाटी, हाताखाली माणसं, आणि उन्हातान्हात चाव्या घेऊन हिंडणं बंद. महिनाअखेर उत्तर हवं होतं.

तर प्रश्न असा होता. एकीकडे ज्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं त्या कामातली सर्वांत वरची खुर्ची. दुसरीकडे चाळिशी उलटल्यावर पहिल्या इयत्तेत जाऊन बसणं, तेही त्यांनी घेतलं तर. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "तुला जे वाटेल ते कर." मला या वाक्याचा मनापासून राग आहे. असं म्हणणारा माणूस दिसायला समंजस दिसतो आणि मदत काडीची करत नाही. मी तसं त्याला सुनावलंही. तो शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे बोलणी खायची त्याला सवय आहे.

आई मात्र आडपडदा न ठेवता बोलली. "तिथे तुला कोण विचारणार गं? इथे चार माणसं उठून उभी राहतात."

"तेच तर, आई," वहिनी म्हणाली, पण तिचा चेहरा जरा उतरला.

याच दिवसांत माझंही एक प्रकरण चालू होतं. दुसरं दुकान काढायचं माझ्या फार मनात होतं. वहिनीने एके दिवशी सकाळी मला जागा दाखवायला नेलं. पहिली जागा म्हणजे तळघर, तिथे चष्मा नव्हे तर कंदील विकावा लागला असता. दुसरीचं भाडं ऐकून मी तिथूनच मागे फिरले. आणि मग नव्या बाजार-इमारतीतला कोपऱ्यावरचा गाळा. खालच्या पार्किंगमधून लिफ्टने वर आलो, दार उघडलं आणि समोर दोन बाजूंनी काच. मऊ, थंड उजेड. मी तिथल्या तिथे ठरवलं की इथे फ्रेम्सची भिंत, तिथे डोळे तपासायची खोली, आणि दारावर माझं नाव. पुढच्या आठवड्यात करार करायचा ठरला. मी डोळे तपासायच्या मशीनवाल्याला फोनसुद्धा करून टाकला.

इकडे वहिनीने तीन कंपन्या तयार केल्या. दिवस उजाडला, ती इस्त्रीचा शर्ट घालून गेली, आणि दुपारीच परत आली. आल्या आल्या बूट काढून सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "माझी शोभा झाली."

झालं असं होतं. स्वेटरसाहेब आणि त्यांची तीन माणसं टेबलाभोवती बसली होती. वहिनीने पहिली कंपनी मांडली, फळांचे रस बाटलीत भरणारी. तिचे दोष सांगितले. मग दुसरी, बुटांची दुकानं असलेली. ती बरी होती, पण फार महाग. मग तिने पाण्याचा घोट घेतला, जरा पुढे सरकली आणि तिसरी मांडायला घेतली, इमारतींच्या लिफ्ट बसवणारी आणि दुरुस्त करणारी. तिच्याबद्दल ती भरभरून बोलली. लिफ्टमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलेलं, बोलेल नाही तर काय. बोलणं संपलं तेव्हा स्वेटरसाहेब गालातल्या गालात हसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हे ऑफिस आम्ही तुमच्याकडूनच घेतलं. पहिलं दाखवलंत त्याच्या मधोमध खांब होता. दुसरं परवडणारं नव्हतं. आत्ता आपण बसलोय ते तिसरं. बरोबर?"

टेबलाभोवती सगळे हसले. वहिनीला जमीन दुभंगावी असं वाटलं. कारण तिने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. क्रम आपोआप लागला होता.

स्वेटरसाहेब मात्र हसून थांबले नाहीत. "ज्या दोन कंपन्या तुम्हाला स्वतःला नको होत्या त्या आमच्यापुढे का आणल्यात? तिसरी उजळ दिसावी म्हणून. ते जागा लावताना ठीक आहे, तिथे गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. इथे कुणाच्या गळ्यात काही मारायचं नाही. इथे पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच. दोन आठवड्यांनी परत या. फक्त लिफ्टवाली कंपनी घेऊन या, आणि ती आम्ही का घेऊ नये ते सांगा."

"का घेऊ नये ते?" दादाने विचारलं.

"हो. मला आवडलेल्या जागेचे दोष मीच सांगायचे." तिने उशी मांडीवर ओढली. "मला ते येतच नाही रे. इतकी वर्षं दोष झाकण्याचाच पगार घेतलाय मी. सौदा झाला तर दलाली, नाही झाला तर पेट्रोल पण आपलंच. मी कुणाला कधी 'घेऊ नका' म्हटलेलंच नाही."

त्यानंतरचे काही दिवस ती घरात असून नसल्यासारखी होती. लिफ्ट कंपनीचे कागद टेबलावर पसरलेले आणि ही समोर पेन चावत. मालकांचा रोज फोन. मी मनात म्हटलं, घेईल ही भागीदारी, आणि उगाच कशाला नाही म्हणायचं, बरंच आहे की. दारावर पाटी लावायला मी स्वतः हातोडी घेऊन गेले असते.

मग एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मी एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. ती डोळे तपासायच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कोपऱ्यावरचा गाळा घेऊ नकोस."

मला वाटलं चेष्टा करतेय. "का? दुसरं गिऱ्हाईक मिळालं वाटतं?"

"नाही. ऐक आधी. तुला मी सकाळी नेलं. त्या काचा पश्चिमेला आहेत. दुपारनंतर तिथे उभं राहवत नाही, तुझ्या प्लास्टिकच्या फ्रेम्स महिन्याभरात वाकड्या होतील. आणि तुला मी पार्किंगमधून लिफ्टने वर आणलं."

"बरं मग?"

"रस्त्यावरून येणाऱ्याला पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. उंच, कठडा नसलेल्या. तुझं निम्मं गिऱ्हाईक गुडघे धरून चालणारं. ते लोक वर चढणारच नाहीत. तू त्या पायऱ्या पाहिल्याच नाहीस, कारण मी तुला त्या बाजूला नेलंच नाही."

स्क्रू माझ्या हातातून पडला तो आजतागायत सापडलेला नाही.

"आणि ते तळघर?" मी विचारलं. "आणि ती महागडी जागा?"

ती समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला लागली.

"माझ्याशी पण, वहिनी? मी परकी आहे का तुला?"

"मी ठरवून नाही केलं गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तेच तर भयंकर आहे. काल रात्रीपर्यंत माझ्या लक्षात पण आलं नव्हतं. ती लिफ्ट कंपनी वाईट का, ते लिहायला बसले आणि मला तुझा गाळाच दिसायला लागला. तुझ्या आयुष्याची पुंजी तू तिथे घालणार आणि मी तुझ्यासाठी क्रम लावला. घरच्या माणसासाठी."

मी भयंकर चिडले होते. गाळा गेला म्हणून की तिने मला गिऱ्हाईक केलं म्हणून, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "मग हे दुकान?" मी ओरडले. "हा गाळा पण तिसराच होता का?"

"हो," ती म्हणाली. "पण हा खरंच चांगला होता."

मी तिला दुकानाबाहेर काढलं. शब्दशः. दार लोटून घेतलं आणि 'बंद आहे'ची पाटी उलटी केली, दिवसाढवळ्या. मग आजोबा आपला चष्मा न्यायला आले आणि बंद दुकानाच्या काचेवर काठी आपटत राहिले, तेव्हा उघडावं लागलं.

दोन-तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. घरात एकाच टेबलावर जेवायचं आणि मीठ दादाकडून मागवायचं, हा खेळ खेळायला वयाचं बंधन नाही. पण मन स्वस्थ बसेना. एका संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी एकटीच त्या बाजार-इमारतीकडे गेले. या वेळी रस्त्याने. पायऱ्या खरंच उंच होत्या. मी वर गेले, काचेला हात लावला तर चटका बसला. मग खाली येऊन बाकावर बसले आणि बघत राहिले. एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना धरून आली. म्हातारबुवांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि दोघं पुढे निघून गेली. मला त्या माणसाचा फार राग आला. मग हसू आलं. मग तिथेच बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्या लक्षात आलं की आपल्याला वहिनीने वाचवलंय, आणि त्यासाठी स्वतःच्या हातातला सौदा मोडलाय.

सौदा मोडल्याची बातमी मालकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? त्या बाजार-इमारतीच्या बिल्डरने त्यांना फोन करून तोंडाला येईल ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. मालक तसे वाईट नाहीत. बोलके, हौशी, माणसांना जपणारे. वहिनीला धंदा त्यांनीच शिकवला.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझ्यापुढे काय काय आहे ते आपण शांतपणे बघू. आहेस तशीच राहिलीस तर रोज उन्हातान्हात वणवण, आणि वय काही थांबत नाही. त्या पैसेवाल्यांकडे गेलीस तर पोरांच्या हाताखाली, आणि पगारही निम्मा. आणि तिसरं म्हणजे..." असं म्हणून ते उठले, शेजारच्या रिकाम्या केबिनचं दार उघडलं. आतले दिवे लावलेले होते, पडदा बाजूला सारलेला होता, आणि टेबल पुसून चकचकीत केलेलं होतं.

वहिनी हसत सुटली. "इतकी हसले," तिने आम्हाला सांगितलं, "की मालकांना वाटलं मला काहीतरी झालंय. त्यांनी पाणी मागवलं."

"मग तू काय म्हणालीस?" दादाने विचारलं.

"म्हटलं, मालक, केबिन फार सुंदर आहे, पण मला नको. तिकडे घेतलं नाही तर मी इथे आहे तशीच राहीन. पण यापुढे मी जागा पुढच्या दारानेच दाखवणार."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, मग तू उपाशी मरशील."

दादाने हातातला घास ताटात ठेवला. "अगं, पण तिकडचं अजून काहीच ठरलेलं नाही! परवा तुला त्यांच्यापुढे जायचंय. हातातलं आजच सोडून दिलंस?"

"हातातलं ठेवून गेले असते तर मी तिथे पण पार्किंगच्या लिफ्टनेच शिरले असते," ती म्हणाली.

मी मुकाट्याने मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिने ती घेतली. आमच्यातली भांडणं अशीच मिटतात, त्यावर कुणी भाषण करत नाही. आईने मात्र बरोबर टिपलं आणि म्हणाली, "झालं एकदाचं. तुमच्या दोघींच्या भांडणात माझी भाजी अळणी गेली तीन दिवस."

परवा उजाडला. वहिनी पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसली. या वेळी एकच कंपनी, आणि सुरुवातच दोषापासून. लिफ्टवाली कंपनी तिला का आवडते ते तिने दोन वाक्यांत उरकलं. मग तिने सांगितलं की ज्या इमारतींत तिचं जाणंयेणं असतं तिथे याच कंपनीच्या लिफ्ट बंद पडल्यावर पूर्वी त्याच दिवशी सुरू व्हायच्या, आता आठवडाभर दारावर दोरी बांधलेली असते. तिने वॉचमनना विचारलं, मग दुरुस्तीच्या माणसांना गाठलं. जुने मेकॅनिक निवृत्त होत होते आणि नवे कुणी तयार होत नव्हते. कंपनी नव्या लिफ्ट विकण्यात दंग होती. जुनी गिऱ्हाइकं एक दिवस उठून दुसरीकडे जातील, असं तिचं म्हणणं पडलं.

"म्हणजे घ्यायची नाही?" स्वेटरसाहेबांनी विचारलं.

"आज नाही."

"मग त्याऐवजी काय घ्यायचं?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाली. ती म्हणते, हे दोन शब्द तिने कुठल्याही गिऱ्हाइकापुढे कधी उच्चारले नव्हते.

सगळे "वा" म्हणून उभे राहिले, असं मुळीच झालं नाही. टेबलाशी बसलेली एक तरुण मुलगी म्हणाली, "मला नाही पटत. मेकॅनिक शिकवून तयार करता येतात. भाव चांगला आहे, मी तर घेईन." दोघींची चांगलीच जुंपली. वहिनी आपल्या मुद्द्यावर ठाम राहिली आणि ती मुलगीही. शेवटी मत घेतलं तेव्हा त्यांनी त्या कंपनीचे थोडे शेअर घेतलेच. वहिनीचं मत हरलं. तिने पिशवी उचलली, सगळ्यांचे आभार मानले आणि जिन्याकडे निघाली. स्वेटरसाहेब तिच्या मागे आले.

"कुठे निघालात?"

"तुम्ही तर घेतलीत ना ती कंपनी."

"घेतली. कदाचित तुमचं बरोबर असेल, कदाचित तिचं. ते दोन-तीन वर्षांनी कळेल. पण मला टेबलाशी 'नको' म्हणणारं माणूस हवं होतं. पहिल्या तारखेपासून या."

तिने रस्त्यावरूनच मला फोन केला. दादाला नंतर. हे मी दादाला वर्षातून चार वेळा ऐकवते. मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत होते. तिचं बोलणं ऐकलं आणि मी त्या बिचाऱ्याला नंबर तपासायची फ्रेम तशीच घालून बसवून दुकानाबाहेर येऊन मोठ्यांदा ओरडले.

आता तिला तिथे जाऊन काही महिने झाले. चाव्यांचा जुडगा तिने मालकांना परत केला तेव्हा दोघंही रडले म्हणे. नव्या ऑफिसात तिची खुर्ची प्रिंटरच्या शेजारी आहे. जिच्याशी जुंपली ती मुलगीच तिला काम शिकवते, आणि चुकलं की सगळ्यांदेखत बोलते. वहिनी घरी येऊन त्या मुलीला नावं ठेवते आणि सकाळी तिच्यासाठी डब्यात चार घास जास्तीचे भरते. पहिल्या महिन्यात दोनदा ती बाथरूममध्ये जाऊन रडली, हे तिने फक्त मला सांगितलं आहे. आईने जे भाकीत केलं होतं ते खरं झालं, तिला बघून तिथे कुणीही उठून उभं राहत नाही. पण संध्याकाळी ती घरी येते तेव्हा बोलत असते. कागदाच्या गिरण्यांबद्दल, सायकलींबद्दल, दुधाच्या बाटल्यांबद्दल. जेवण गार होतं तरी थांबत नाही.

परवा मी तिला विचारलं. मोठ्या तयारीने विचारलं, कारण अशी गोष्ट मी कधी कुणाला विचारलेली नाही. माझ्या दुसऱ्या दुकानाची पुंजी अजून तशीच बँकेत पडून आहे. म्हटलं, "वहिनी, ते पैसे कुठे गुंतवू ते तू सांग. तू म्हणशील तिथे ठेवते, मी एक प्रश्न विचारणार नाही."

तिने हातातलं पुस्तक मिटलं. वर्षानुवर्षं ज्या बाईने कुठल्याही गिऱ्हाइकाला उत्तराशिवाय दारातून जाऊ दिलं नाही, ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मला अजून तेवढं येत नाही."

आणि ते म्हणताना ती कमालीची खुलली होती.

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही गं. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर पैसे बँकेतच राहू देत. माझ्यासाठी अडून बसू नकोस, दुसऱ्या कुणाला विचारायचं तर विचार."

"नाही," मी म्हटलं. "तुला येईपर्यंत मी थांबते."